बद्द वाजलेला रुपया

एकोणचाळिसावा रुपया पितळी पन्हळीतून घरंगळला, इवल्याशा पारड्यात क्षणभर थांबला आणि डावीकडच्या पेटीत पडला. डावी पेटी खऱ्या रुपयांची, उजवी खोट्यांची. हात लावायला माणूस नाही की सांगायला तोंड नाही. अमरावतीच्या त्या कापसाच्या वखारीत जमलेली माणसं श्वास रोखून बघत होती.

वलीसुद्धा थक्क झाला होता. तीस वर्षं तो दगडावर रुपया वाजवून खरा-खोटा सांगत आला. त्याच्या कानावर लोक डोळे मिटून भरवसा ठेवत. वखारीच्या गोऱ्या साहेबानं विलायतेहून हे यंत्र आणवलं होतं, आणि आज वलीनं आधी पारखलेले चाळीस रुपये ते पुन्हा पारखत होतं. चाळिसावा उजवीकडे पडला. वलीनंही तो खोटाच ठरवला होता. चाळीसच्या चाळीस जुळले.

"शाबास वली," मुनीम खुशालराव म्हणाले. "तुमची जागा पक्की. जा आता घरी."

मुकाट घरी गेला असता तर झाकली मूठ राहिली असती. पण वलीचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला. त्यात दहा वर्षांपासून एक राणीछाप रुपया होता. नत्थुजी नावाच्या शेतकऱ्यानं लेकीच्या सोयरिकीत तो नारळावर ठेवला होता, आणि व्याह्यांनी रीतीप्रमाणे वलीकडून वाजवून घेतला. रुपया बद्द वाजला. "खोटा," वली म्हणाला, आणि सोयरीक मोडली. लेकीचं पुढं दुसरीकडे जमलं, पण नत्थुजी वलीशी पुन्हा बोलला नाही. आजही कापसाची गाडी सोडून तो गर्दीत मागं उभा होता. खोटा रुपया पारख्यानं छिन्नीनं कापून टाकायचा असतो. त्या एका रुपयावर वलीचा हात चालला नव्हता.

"मुनीमजी, हा एक टाका."

रुपया घरंगळला, थांबला आणि डावीकडे पडला. वलीनं पुन्हा टाकायला लावला. पुन्हा डावीकडेच. वजन पुरं, चांदी पुरी. आत कुठंतरी केसाएवढा तडा असणार, म्हणून आवाज मेलेला.  वलीच्या कानाला जे दहा वर्षं कळलं नाही, ते या मुक्या काट्याला एका क्षणात कळलं होतं.

तो गर्दीकडे वळला. "नत्थुजी, तुहा रुपया खरा होता. माहा कान चुकला. समद्यांदेखत सांगून राहिलो."

खुशालरावांच्या कपाळाला आठी पडली. नत्थुजी पुढं आला. आता हा वलीला फैलावर घेणार, असंच सगळ्यांना वाटलं. त्यानं रुपया उचलला आणि वलीच्याच दगडावर वाजवला. तसाच बद्द. 

"मलेबी तवा असाच आयकू आलता, वलीभाई," तो म्हणाला. "मरतानी बापानं हा माह्या हातावर ठेवला होता. दहा वर्सं मी बापालेच खोटा समजून राहिलो."