खिडकीवरचा कागद

काचवालीने कागदाचा शेवटचा कोपरा चिकटपट्टीने खिडकीवर दाबून बसवला आणि ती स्टुलावरून खाली उतरली. चित्र खिडकीच्या खऱ्या मापाचं होतं. खालपासून वरपर्यंत पानंच पानं, आणि प्रत्येक पानाच्या कडेने जाड काळी रेघ. त्या रेघांच्या जागी पुढे काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या येणार होत्या. रंगीत काच कापायला घेण्याआधी ती प्रत्येक घरात असा कागद लावून दाखवायची. काच एकदा कापली की कोणाचं मन बदललं म्हणून ती परत जोडता येत नाही.

घराचा मालक कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. दोन भावांतला हा धाकटा. थोरल्याचं घर खिडकीसमोरच, कुंपणाच्या भिंतीपलीकडे होतं. ते घर, त्याचं अंगण, तिथली स्कूटर, सगळं आता कागदाआड गेलं होतं. दोघांचं बोलणं कधीचंच बंद होतं आणि समोरचं ते घर धाकट्याच्या डोळ्यांत रोज खुपायचं.

"झकास!" तो म्हणाला. "अगदी असंच हवं होतं."

"काढा तो कागद," खिडकीजवळच्या खुर्चीतून आई म्हणाली.

सकाळचा चहा झाला की आई त्या खुर्चीत येऊन बसायची. थोरला कामाला निघताना स्कूटर सुरू करण्याआधी एकदा मान वर करून बघायचा. हात हलवणं नाही, हाक मारणं नाही. आई दिसली की निघायचा. धाकट्याला हे चांगलं ठाऊक होतं, पण त्याने कधी तसं दाखवलं नाही.

"आई, रंग किती छान येतील बघ तरी. सकाळी सगळी खोली हिरवीगार होईल."

"मला हिरवं घेऊन काय करायचंय? मी काय शेळी आहे?"

काचवालीने हसू कसंबसं आवरलं. ती आईच्या खुर्चीशी वाकली, तिची नजर कुठे पोचते ते पाहिलं आणि पेन्सिलीने एका पानावर फुली मारली.

"आजी, एवढं पान साध्या काचेचं ठेवते. तुम्हाला बाहेरचं दिसेल, बाहेरून तुम्ही दिसाल."

"एकही पान साधं नको," धाकटा म्हणाला. "ते घर बघायला लागू नये म्हणून तर हे सगळं चाललंय. ताई, खोडा ती फुली."

"खोडून तर बघा! खुर्ची उचलून गच्चीवर नेईन आणि दिवसभर उन्हात बसेन. मग घाल तुझ्या खिडकीचं लोणचं."

"आई, हट्टालाही काही मर्यादा असते."

"नसते. तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा. त्याला बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि त्याचा पाय मला बघितल्याशिवाय घरातून निघत नाही."

काचवाली खोडरबर हातात धरून उभी राहिली. दोघांच्या मध्ये पडण्यात काही अर्थ नव्हता. तेवढ्यात दाराची बेल वाजली, लागोपाठ दोनतीनदा.

धाकट्याने जाऊन दार उघडलं. दारात थोरला उभा होता. हातात हेल्मेट, आणि धाप लागलेली.

"आई कुठाय?"

"आहे. आत आहे."

"बरी आहे ना? खिडकीत दिसली नाही. नुसता कागद लावलेला दिसला. मला वाटलं..." तो धाकट्याच्या खांद्यावरून आत डोकावला.

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि शर्टाची बटणं वरखाली लागली होती. धाकटा दारातून बाजूला झाला.

"ये ना आत," तो म्हणाला. "राहू देत बूट."

आईला खुर्चीतून दार दिसत नव्हतं. पण एकामागून एक दोन्ही मुलांचे आवाज तिच्या कानावर आले आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते तळहाताने पुसले, काचवालीचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली,

"बाई, ती फुली खोडा. आणि रंग चांगले गडद घ्या. बाहेरून मी अजिबात दिसता कामा नये."