शुक्रवारचं पाणी

"टँकर उलटला, मॅडम. एकदाच झालेला अपघात आहे," फाइल उघडत सुजित म्हणाला. बोईसरच्या रसायनांच्या कारखान्यात पर्यावरणाचं काम त्याच्याकडे होतं.

ओहोळाच्या काठाला मेलेल्या माशांची पांढरी रेघ लागली होती. सरकारतर्फे तपासणीला आलेली स्नेहा दगडावर बसून पंचनामा लिहीत होती. भोवती गाव जमलं होतं.

"एकदाच?" जिव्या पुढे सरसावला. टेकडीवर त्याची नाचणी होती आणि प्यायला हाच ओहोळ. "आमी काय आंधले हाव? साहेबांनाच इचारा, पोहायला कुठं शिकले ते!"

माणसं हसली. सुजितने फाइलीतून मान वर केली नाही.

"पुरावा काही आहे का?" स्नेहाने विचारलं. "नसेल तर मला अपघातच लिहावा लागेल. प्रकरण बंद होईल."

गर्दीतून रत्नाबाई पुढे आल्या. गळ्यात तुळशीची माळ, हातात रिकामा तांब्या.

"माझी पूजा राहिलीय. जाऊन येते."

"आता पूजा?" जिव्या वैतागला.

"आई, सावकाश," सुजित म्हणाला. "पायरी हलते."

"साहेबांना सगळ्यांची काळजी," रत्नाबाई हळूच म्हणाल्या. पुन्हा हशा पिकला.

अर्ध्या तासाने त्या परतल्या. डोक्यावर टोपली होती. शेजारच्या मंगळीच्या डोक्यावर दुसरी. टोपल्यांत काचेच्या बाटल्या, झाकणं घट्ट, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.

"माझा बारा वर्षांचा नेम आहे, बाई," त्या स्नेहाला म्हणाल्या. "पहाटे ओहोळाचं पाणी आणायचं, देवाला स्नान घालायचं. पण गेल्या वर्षापासून मधूनच असं पाणी येतं, की देवावर घालायला हात धजत नाही. आणि देवाच्या नावाने भरलेलं पाणी मोरीत कसं ओतायचं? म्हणून बाटलीत भरून देवाजवळच ठेवत गेले."

स्नेहाने एक बाटली उन्हात धरली. तळाशी तांबूस गाळ होता. चिठ्ठीवर ठसठशीत अक्षर होतं: श्रावण वद्य षष्ठी, शुक्रवार. दुसरी उचलली: कार्तिक शुद्ध दशमी, शुक्रवार. मग तिसरी, चौथी. एकेचाळीस बाटल्या, आणि वार एकच.

"कारखान्याची सुट्टी कधी असते?" तिने विचारलं.

"शुक्रवारी," सुजित म्हणाला. मग त्याने फाइल मिटली. "गुरुवारी रात्री टाक्या धुतात."

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. जिव्या त्याच्याकडे बघतच राहिला.

स्नेहाने पेन खाली ठेवलं. "हे सगळं तुमच्या नावाने लिहू?" तिने रत्नाबाईंना विचारलं. मग सुजितकडे वळली. "या बाटल्या तुमच्यासमोर ताब्यात घेतल्या, अशी कंपनीच्या माणसाची सही हवी. नाहीतर उद्या म्हणतील, म्हातारीने घरीच रंग कालवला."

"नोकरी जाईल," सुजित पुटपुटला. तो स्नेहाशी बोलत नव्हता.

"जाईल," रत्नाबाई म्हणाल्या. "ओहोळ गेला तर मात्र दुसरा मिळायचा नाही, साहेब."

स्नेहाने कागद आधी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एकेक अक्षर जपून काढलं: रत्नाबाई पंढरी मोहिते.

मग पेन सुजितकडे गेलं. त्याच्या खिशात फोन वाजत होता. त्याने तो वाजू दिला. रत्नाबाई ओहोळाकडे बघत ताठ उभ्या होत्या, तांब्या छातीशी धरून.

सुजित वाकला आणि झर्रकन सही केली.

"ही सही वाचता येत नाही," स्नेहा म्हणाली. "पूर्ण नाव लिहा."

त्याने रत्नाबाईंच्या नावाखाली, त्यांच्यासारखंच ठसठशीत अक्षर काढत, लिहिलं: सुजित पंढरी मोहिते.