तिसऱ्या व्हॉल्व्हची चिठ्ठी

बाहेर उणे अठरा, आणि सकाळपासून घरातले सगळे रेडिएटर गार. प्लंबर म्हणे उद्या येईल.

मी बेसमेंटमध्ये बॉयलरपाशी गेले. तिथल्या तिन्ही व्हॉल्व्हना यांनी पूर्वीच चिठ्ठ्या बांधल्यात. ‘कायम उघडा.’ ‘कायम बंद.’ तिसरीवर लिहिलंय, ‘नलू, आधी मला विचार.’

म्हणजे इथेही माझ्यावर भरवसा नाही. पण आता विचारू कसं? वर्षभरात यांचं विसरणं इतकं वाढलंय, की घरातला जिनासुद्धा अनोळखी झालाय. तरी हाताला धरून खाली आणलं.

चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. व्हॉल्व्हकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“उघडू का?” मी व्हॉल्व्हवर हात ठेवून विचारलं.

त्यांनी तो अलगद बाजूला केला.

“तुम्ही नका हात लावू,” ते म्हणाले. “नलूला येऊ दे.”