विरजणाची वाटी

मुलांनो, कल्पना करा, की घरातला फ्रीज स्वतःच अन्न पारखतो आणि नासलेलं फेकून देतो. केतकीच्या घरी असा नवा फ्रीज आला आणि पाचव्याच दिवशी त्याने विरजणाची वाटी रिकामी केली. ते विरजण आईने लग्नात माहेराहून आणलं होतं, बावीस वर्षं जपलं होतं. आता माहेरी कोणीच उरलं नव्हतं.

"यात दोष नाही, ताई," आईने तक्रार केल्यावर आलेला कंपनीचा माणूस म्हणाला. "आंबलेलं दूध त्याने फेकलं. तक्रार मागे घेतली म्हणून अंगठा उमटवा."

"अहो, आंबल्याशिवाय दही लागतं का?" म्हणत आईने हताशपणे अंगठा पुढे केला.

केतकीने तिचा हात धरला. "थांब आई! फरीदाचाचींनी परवाच आपलं विरजण नेलंय." ती धावत जाऊन शेजारून वाटीभर दही घेऊन आली. वाटी फ्रीजच्या दारापाशी नेताच फ्रीज म्हणाला, "नासलेलं दूध. फेकतो."

केतकीने त्या माणसापुढे चमचा धरला. "काका, तुम्हीच खाऊन सांगा."

त्याने चव घेतली. चमचा चाटूनपुसून खाली ठेवला, मग त्याने तक्रारीखाली लिहिलं, 'दोष आहे. फ्रीज बदलून द्यावा.'

केतकीने उरलेल्या दह्यातलं चमचाभर कोमट दुधात घातलं आणि वाटी फ्रीजपासून दूर, फडताळात झाकून ठेवली.