गार झालेली कॉफी

रुदैनाला मागणी घालायला आलेले मुलाचे आजोबा समोरच्या कॉफीला तोंड लावत नव्हते. जॉर्डनमधल्या आमच्या इरबिदमध्ये मुलीकडच्यांच्या होकाराशिवाय पाहुणे ती पीत नाहीत. तिचा बाप मुतलक वैतागून पुन्हा स्वयंपाकघरात आला. “रुदैना, काय सांगू त्यांना?” “तुम्हाला काय वाटतं, बाबा?” “मला नांदायचंय का तिथे?” “आई म्हणते, हो म्हण. आत्या म्हणते, थांब.” “त्याच्याबरोबर शाळेत तू शिकवतेस, आत्या नाही.” ती बाजूला उभ्या आत्याकडेच पाहू लागली. साधी ओढणी घ्यायची तरी गल्लीभर विचारत फिरणारी पोर. मुतलकचं डोकं फिरलं. “ठीक. नाही म्हणून सांगतो.” तो वळताच रुदैना त्याला बाजूला सारून तडक पुरुषांच्या बैठकीत शिरली. तिने आजोबांसमोरचा पेला उचलला. “ही गार झाली. गरम आणते, ती मात्र प्या.” आजोबांनी मुतलककडे पाहिलं. “मला कशाला विचारता?” तो करवादला. “तिने तरी कुठे विचारलं?”