निळ्या बत्तीत

खुशालनं निळी बत्ती लावली आणि बयनाबाईच्या डाव्या गालावर पाच बोटं पेटली. काजव्यासारखी, पिवळीहिरवी.

"हे काय व मोठी माय?" कॅमेऱ्यामागून खुशाल म्हणाला.

"काय काय? थोबाड आहे माझं. पाह्यलं नाही काय कधी?"

पण तिचाही हात गालाकडे गेला आणि मधेच थांबला.

बाहेर मांडवात नातीची, वनिताची हळद चालली होती. मंचेरियलहून नवरदेवाची उष्टी हळद जीपनं आली, सवाशिणी गोळा झाल्या, आणि 'तुमी जरा आत बसा' असं कोणी म्हणायच्या आधीच बयनाबाई आपणहून कोठीच्या खोलीत येऊन बसली. विधवेनं हळदीच्या वाऱ्याला उभं राहू नये, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि शिकवलं असतं तर तिनं ऐकून घेतलं नसतं. या घरात सांगायचं काम तिचं, ऐकायचं बाकीच्यांचं.

तिथंच तिला धाकट्या जावेच्या खुशालनं गाठलं. तिशीचा गडी. लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा, पण हल्ली त्याला नवंच याड लागलं होतं. आदिलाबादच्या एका कापसाच्या अडत्याकडून तो खोट्या नोटा ओळखायची निळी बत्ती मागून घेऊन आला होता. साध्या उजेडात दिसत नाही ते या बत्तीत माणसाच्या चेहऱ्यावर उमटतं, असं तो म्हणे. एकही फोटो अजून काढला नव्हता. खिडकीवर गोधडी ठोकली, स्टँडवर कॅमेरा चढवला, आणि पहिला चेहरा मोठ्या मायचाच पाहिजे म्हणून अडून बसला.

"आधी बकरीवर करून पाह्य," बयनाबाई म्हणाली होती. पण म्हणता म्हणता तिनं पदर सारखा केला होता.

आता लुगडं साबणाच्या भुकटीपायी निळंपांढरं उजळलं होतं. उन्हानं रापलेल्या कातडीवरचे डाग काळेभोर उठले होते. आणि त्यावर ती पाच बोटं.

मघाशी नवरी स्वतःच मागच्या दारानं पळत आली होती. "आजी, तुया गालाले लागल्याबिगर मले हळद लागल्यासारखीच वाटत नाही," म्हणाली आणि भरल्या हातानं गाल धरला. बयनाबाईनं पोरीला दोन शिव्या हासडल्या, मांडवात परत हाकललं आणि न्हाणीत जाऊन गाल साबणानं घासघासून धुतला. आरशात पाह्यलं. काही नव्हतं. ही मेली बत्तीच चुगलखोर निघाली.

"खुशाल्या! नवरी तिकडे बसून राह्यली आन फोटोवाला कुठं मेला?"

दार ढकलून चंपाबाई, त्याची आई, आत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीनं माखलेले. जावेकडे लक्ष गेलं तशी तिनं दार पाठीनं लोटून घेतलं.

"बाई! तुमाले हळद?"

वरणाची उडली, असं बयनाबाईच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण वरण काही पाच बोटांनी उडत नाही.

"वनितानं लावली. म्या धुतली. निघाली नाही त आता गाल कापून देऊ?"

"हळू बोला. व्याहीणबाया वसरीत बसून आहेत. आत डोकावून पाह्यलं त जलमभर पोरीच्या नावानं खडे फोडतील. तिकडे काही इकडचं तिकडे झालं, की हेच काढतील."

स्वतःपुरतं बयनाबाई गावाला पुरून उरली असती. पण पोरीला उद्या त्यांच्याच घरात नांदायचं होतं.

"मंग पदरानं पुसून टाक," ती म्हणाली. तिचा एवढा बारीक आवाज चंपाबाईनं कधी ऐकला नव्हता.

"हलू नको, मोठी माय!" खुशाल ओरडला. "बटन दाबलं म्या. अंधारातला फोटो आहे, वेळ लागते. झालं म्हणेपर्यंत पापणी हलवू नको."

बयनाबाई खांबासारखी ताठ बसली. चंपाबाई पुढं वाकली, तिनं हात उचलला, आणि तिचा तळवा बत्तीत एकदम पेटला. ती आपल्याच हाताकडे पाहत राहिली. मग जावेच्या तोंडाकडे.

मग तिनं तो हात डाव्या गालाला लावलाच नाही. उजव्या गालावर टेकवला आणि वरून खाली ओढत आणला. सावकाश, नवरीला लावतात तसा.

बयनाबाईची मान हलली नाही. ओठ हलले.

"चंपे, पुसून राह्यली का लावून राह्यली?"

"अंधारात मले काय दिसते, बाई," चंपाबाई म्हणाली आणि दुसरा हात कपाळाला लावला.

कॅमेरा खटकन वाजला.

"हत् तुमची! मधातच बोलल्या," खुशाल मागं लहानशा पडद्यावर पाहत म्हणाला. "नाक ना डोळे, नुसता पिवळा उजेड आला. आई, तू सरक बाजूला, परत काढतो."

मांडवातून चंपाबाईच्या नावानं कोणीतरी हाक मारली. तिनं ओ दिली नाही, आणि ती बाजूलाही सरकली नाही.