सतरा नंबरचं कार्ड

"कार्ड बंद होऊ देऊ नको. काई झालं तरी बुधवार चुकवू नको," शालिकरामनं सांगितलं होतं, आणि वच्छलानं त्याच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

म्हणून या बुधवारीही देवापुढं दिवा लावून, कपाळावर ठसठशीत कुंकू रेखून ती दोन कोस चालत पिंपळखेडच्या दवाखान्यात आली.

क्षयाच्या गोळ्या कार्डावर मिळत. वरून चाळीस कार्डांपुरताच माल येई, एक्केचाळिसाव्याला गोळी नव्हती. बाकीच्यांची नावं भिंतीवरच्या यादीत वाट पाहत असत. एक कार्ड रद्द झालं, की यादीतलं पहिलं नाव आत येई. सध्या पहिला होता देवमन. तो रोज येऊन त्या भिंतीलाच टेकून खोकत बसे. वच्छला त्याच्याकडे न पाहता पुढं गेली.

कंपाउंडर भगवंतरावांच्या खुर्चीत आज अकोल्याच्या गाडीनं आलेला कारकून बसला होता. मेलेल्यांची कार्डं काढून टाकणं हे त्याचं काम. गेल्या खेपेला त्यानं जाईबाईला नवऱ्याचं विचारलं, तर ती म्हणाली, "गेले जी." नवरा परतवाड्याच्या बाजाराला गेला होता. कारकुनानं कार्डावर लाल रेघ मारली. दुसऱ्या दिवशी तो माणूस आपल्या पायानं येऊन समोर उभा राहिला, तेव्हा भगवंतरावांना त्याचं नाव यादीच्या अगदी शेवटी लिहावं लागलं. त्यांनी वर दोन पत्रं धाडली. उत्तर नव्हतं.

"मोजून बोल वं बाई," बाकावरची माणिकबाई वच्छलाला म्हणाली. "इथं गेलेला वापस येत नाही."

कारकुनानं रोग्याचं नाव विचारलं. वच्छलानं पदर पुढं ओढला. नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं. हवं तर उखाण्यात घ्या, असं तो म्हणाला आणि बाकावर हसू फुटलं. शेवटी भगवंतरावांनीच पेटीत बोट घालून कार्ड काढून दिलं. शालिकराम. सतरा नंबर.

"स्वतः काहून नाही आले?"

"उठत नाही जी."

"खोकला?"

"आता नाही."

"रक्त पडते?"

"तेही थांबलं."

"जेवण?"

"पान वाढतो जी. हात लावत नाही."

औषध लागू पडलंय, अशक्तपणा तेवढा राहिला आहे, असं कारकून स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. मग त्यानं तिच्या कपाळाकडं पाहिलं. बाईचं कुंकू पाहिलं की मला दुसरा दाखला लागत नाही, असं म्हणत त्यानं टाक दौतीत बुडवला. पण खूण करता करता त्याचा हात अडला. नियम आता कडक झाले होते. पुढच्या बुधवारी रोगी बैलबंडीत घालून समोर आणायचा, नाहीतर कार्ड काढून टाकावं लागेल, असं त्यानं सांगितलं.

वच्छलानं टेबलाची कड धरली.

"दोन कोसात हाडं खिळखिळी होतील त्याची, साहेब," भगवंतराव हळूच म्हणाले. "मीच रविवारी घरी जाऊन पाहून येतो. तसं लिहून देतो."

"नुसतं लिहून चालणार नाही. अंगठा आणा."

"आणतो."

कारकुनानं खूण केली. भगवंतरावांनी आठवड्याच्या गोळ्या मोजून पुडीत बांधल्या. पुडी देताना त्यांनी वच्छलाकडं पाहिलं नाही, तिनंही मान वर केली नाही. मागं देवमन खोकत होता.

रविवारी सकाळी पूजा आटोपून भगवंतरावांनी शाईची डबी खिशात घातली आणि घरात कोणाला काही न सांगता ते पांदणीच्या वाटेला लागले. गोळ्या शालिकरामची लेक इंदू घेत होती. यादीत तिचं नाव एकोणसाठावं होतं. अंगठाही तिचाच घ्यावा लागणार होता. शालिकरामला खांदा दिल्याला भगवंतरावांना येत्या अवसेला दोन महिने होत होते.